आयव्ही टीचरचं साफ केलेलं रेकॉर्डिंग

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आईला सांगायची गरजच नव्हती — तिला माहीत होतं, आणि मला आठवतं हेही तिला माहीत होतं. आम्ही दोघी त्या विषयाला वळसा घालून जगलो. तुम्हाला का सांगतेय? खरंच ठाऊक नाही.

परळला मी एका शांतता समितीचा संग्रह सांभाळते. जुन्या इमारतीतल्या दोन खोल्या, लोखंडी कपाटं, डांबरगोळ्यांचा वास. दंगलीनंतर लालबागच्या चाळींतली माणसं रस्त्यावर उतरली, हातात हात धरून चिंचपोकळीपर्यंत साखळी केली, आणि मग वर्षानुवर्षं गल्लोगल्ली समेट घडवत फिरली. त्यांचे कापडी फलक, बिल्ले, पत्रकं, फोटो माझ्याकडे आहेत. एका फोटोत साखळीच्या अगदी पुढे माझे बाबा आहेत. गिरणीतला साधा माणूस, पण मान कशी ताठ! येणारा प्रत्येक जण विचारतो, "हे तुमचे वडील?" मी हो म्हणते. आणि पुढच्या कपाटाकडे वळते.

म्हाताऱ्या कार्यकर्त्यांच्या मुलाखती रेकॉर्ड करणं हे माझं मुख्य काम. नंतर ते रेकॉर्डिंग साफ करायचं — खोकला, कुकरच्या शिट्ट्या, दारावरचा भाजीवाला, सगळं कापायचं. ऐकायला येणाऱ्यांना साफ केलेली प्रत मिळते. मूळ प्रतीला मात्र कुणी हात लावायचा नाही. नव्या मुलींना हे मीच बजावते, डोळे वटारून. लोका सांगे ब्रह्मज्ञान — पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे.

समिती उभी केली ती आयव्ही टीचरनी. आमच्या मागच्या चाळीत राहायच्या, जवळच्याच शाळेत शिकवायच्या. मुलाखत दिली तेव्हा फार थकल्या होत्या. दुपारभर बोलल्या आणि शेवटी म्हणाल्या, "आता तुमच्या घरातली गोष्ट सांगते गो. ही काढू नको हां. समिती हिच्यातूनच झाली."

"नाही काढणार, टीचर," मी म्हटलं.

मी काढली.

काय होतं त्यात? कर्फ्यूची दुपार. टीचर आमच्याकडे अडकल्या होत्या, आई चहा गाळत होती. दारावर थाप पडली. युसुफचाचा होते — चाळीखाली त्यांचं शिलाईचं दुकान. दर जूनमध्ये माझ्या गणवेशाची दुमड उसवून तो लांब करून द्यायचे, वर पैसे घ्यायचे नाहीत. बाबांनी कडी लावली. टीचर म्हणाल्या, "मी मोठी बाई, पोरांना शिकवणारी. मी काय केलं? कपाकडे बघत बसले." थाप पडत राहिली. मग जिन्यावर पुष्कळ पायांचा आवाज झाला. संध्याकाळी कळलं, चाचा गेले — रस्त्यावर सापडले. कर्फ्यू उठला त्या सकाळी बाबा टीचरच्या दारात जाऊन ढसाढसा रडले, आणि त्या रडण्यातून ती साखळी निघाली. लोकांना हे कळायला हवं, असं टीचरचं म्हणणं होतं. शांततेचं काम चांगल्या माणसांनी सुरू केलं असं समजू नका, म्हणाल्या — शरमलेल्या माणसांनी केलं.

तेवढा भाग मी कापला. मूळ प्रतही पुसली. विचारणाऱ्यांना सांगितलं, डिस्क बिघडली. बाबा तोवर वारले होते. मेलेल्या माणसाची अब्रू कशाला काढायची, अशी मी माझी समजूत घातली. ती समजूतही खोटी होती — त्याकडे येते.

टीचर गेल्या, आणि पुढे केव्हातरी एक बाई संग्रहात आली. सलमा, युसुफचाचांची मुलगी. दंगलीनंतर त्या लोकांनी लालबाग सोडलं होतं. माझ्यासमोर बसून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"ताई, अम्मी मरेपर्यंत अब्बांवर चिडून होती. कर्फ्यूत बाहेर कशाला फिरत होते, बोलायची. आमचा विचार नाही केला, बोलायची. तुमच्याकडे एवढे लोक बोलून गेलेत. कोण काय बोललं का? अब्बा कुठे चालले होते?"

रेकॉर्डिंग नव्हतं, पण तोंड तर होतं ना मला? मी म्हटलं, "नाही हो. कुणीच काही नाही बोललं." आणि तिला पाणी दिलं.

जाताना ती बाबांच्या फोटोपाशी थांबली. ओढणीनं काच पुसली. आता दर वर्षी साखळीच्या दिवशी ती मुलांना घेऊन येते, त्या फोटोपुढे उभी करते, सांगते — हे अंकल आपल्यासाठी सगळ्यात आधी रस्त्यावर उतरले. मला मिठाईचा डबा देते. मी घेते. घरी नेते, सगळ्यांना वाटते. मी खात नाही.

बाबांसाठी नाही कापलं मी. टीचरनी त्यांचा नकारही सांगितला होता आणि त्यांचं रडणंही. माणूस त्यातून लहान होत नव्हता. आणि वर मी लिहिलं ना, बाबांनी कडी लावली म्हणून? इथेही खोटंच लिहिलं बघा. बाबांनी नुसती नकाराची मान हलवली. दार लोटलेलं होतं, दाराशी मी उभी होते. कडी मी लावली. फटीतून चाचांनी मला पाहिलं, मी त्यांना पाहिलं, आणि मी लावली. टीचरनी हे पाहिलं होतं, आणि रेकॉर्डिंगमध्ये सांगितलं होतं.

लहान होते, म्हणाल. होते. पुसलं तेव्हा नव्हते. सलमाला नाही म्हटलं तेव्हा तर केस पिकायला लागले होते.

सलमा, तुझे अब्बा कुठेही फिरत नव्हते. आमच्या दारात उभे होते. बाबांना नाही, आईला नाही, मलाच हाक मारत होते — "बेबी, दार उघड. मी आहे गं, चाचा."