कोच सबनीसांची उजळणी

अवधूत सबनीस कॉव्हेंट्रीजवळच्या एका छोट्या कॉलेजात कॉम्प्युटर सांभाळतो आणि अकरा वर्षं तिथल्या अमेरिकन फुटबॉल टीमचा कोच आहे. या फुटबॉलात पायांचं काम पळण्यापुरतंच. बॉल काखेत मारायचा आणि समोरच्या आडदांड मंडळींना चुकवून पलीकडच्या रेषेपार न्यायचा. ‘फुटबॉलला कोच हवा’ ही नोटीस वाचून अवधूतने साधा फुटबॉल समजून नाव दिलं होतं. पहिल्या दिवशी हेल्मेटांचा ढीग बघून त्याला वाटलं, मुलं मोटरसायकलवरून आलीत.

पण माणूस नागपूरचा, कबड्डी खेळून वाढलेला. अंगावर येणाऱ्याला हूल देणं त्याला काही नवीन नव्हतं. दोन वर्षं टीम सडकून हरली, मग जिंकायला लागली ती लागलीच. कारण सूचना मराठीत! अवधूत बाहेरून “डावीकडून!” ओरडला की पोरं डावीकडून सुटायची आणि समोरचे एकमेकांची तोंडं बघायचे. जोर-बैठकासुद्धा मराठीत मोजायचे. डॅनी नावाचा लालबुंद गडी तर न अडखळता शंभरापर्यंत जायचा.

“माझ्या रविवारच्या मराठी वर्गात एक पोर विसाच्या पुढे सरकत नाही,” त्याची बायको सुचेता म्हणायची. “तू काय खायला घालतोस रे यांना?”

“काही नाही. चुकला की पुन्हा एकपासून.”

यंदा कॉलेजने कळवलं, वरच्या गटात गेलात तर ठीक, नाहीतर टीम बंद आणि मैदानाचा कार पार्क. वरचा गट एका मॅचवर आला, रीडिंगच्या एका कॉलेजशी.

अवधूत ओरडला, “उजवीकडून!” समोरून आवाज आला, “राइट! राइट!” उजवी बाजू बंद. “मधून!” “मिडल!” तीही बंद.

हाफटाइमला उलगडा झाला. रीडिंगकडून वीर नावाचा मुलगा खेळत होता, आणि त्याची आई रेखा डबा घेऊन कडेला उभी होती.

“हा तुमचा का हो?” अवधूतने विचारलं.

“माझाच. घरी मराठीत हाक मारली तर ऐकू येत नाही मेल्याला!”

शेवटी चार पॉइंट मागे आणि एकच डाव शिल्लक. अवधूतला मैदानावर गाड्या उभ्या दिसायला लागल्या. दिशा सांगायची सोय नव्हती. मग ज्याने बॉल न्यायचा, त्याचा शर्टावरचा नंबरच तो ओरडला.

“एकोणतीस!”

“थर्टी-नाईन!” वीर गरजला. सगळं रीडिंग एकोणचाळीस नंबरच्या गरीब पोरावर जाऊन कोसळलं. एकोणतीस नंबरचा डॅनी बॉल घेऊन दुसऱ्या बाजूने निवांत रेषेपार गेला. रेषेपार गेलं की सहा पॉइंट, म्हणजे मॅच खिशात.

“काका, तुम्ही चीटिंग केला!” हात मिळवताना वीर म्हणाला. “तीस म्हणजे थर्टी ना?”

“हो राजा. आणि एकोण म्हणजे एक कमी.”

“वन लेस? पण का?”

“ते सुचेताकाकूला विचार,” अवधूत म्हणाला. “रविवारी, अकरा वाजता.”

कार पार्क काही झाला नाही. कॉलेजातले लोक अजून लांबच्या गल्लीत गाडी लावून पंधरा मिनिटं चालत येतात आणि टीमच्या नावाने बोटं मोडतात. अवधूतची गाडीही त्याच गल्लीत असते. तो मात्र चालताना मराठीत पावलं मोजतो. चुकला की पुन्हा एकपासून.