कोणता तडा आधीचा

अविनाश गेल्याचा फोन आला तेव्हा मी दिल्लीत मयूर विहारच्या मेट्रोच्या जिन्यात होतो. पहाटे ऑफिसातून घरी जाताना त्याची गाडी दुभाजकावर आदळली... त्यापुढचं मला ऐकू आलं नाही.

गुरुग्रामच्या ऑफिसात आम्ही दोघं गाड्यांच्या काचा फोडायचो, अर्थात कॉम्प्युटरवर, अपघातात त्या कशा फुटतील ते बघायला. काच मुळात सगळ्या दिशांना सारखीच असते; पण एकदा तडा गेला की त्याच्या आडव्या दिशेने ती ताण घेत नाही, लांबीच्या दिशेने मात्र पहिल्यासारखीच मजबूत राहते. आमचं जुनं गणित मार बसलेल्या जागी काच सगळीकडूनच मऊ करून टाकायचं. "काच आहे यार, श्रीखंड नाही," म्हणत अविनाशने प्रत्येक तड्याची दिशा सांभाळणारं गणित उभं केलं. त्यासाठी साहेबांशी भांडला, माझ्याशी तर रोजच. क्लायंट खूश असला तरी एकही खोटा तडा त्याने पडद्यावर राहू दिला नाही. फार वैताग यायचा त्याचा. आता तो वैतागच हवासा वाटतो.

काही दिवसांनी त्याची बायको, सुजातावहिनी, मला पोलीस ठाण्याच्या आवारात त्याची गाडी दाखवायला घेऊन गेल्या. पोलीस म्हणत होते, डुलकी लागली. त्याची आई म्हणत होती, ट्रकमधून दगड उडाला, नाहीतर माझा मुलगा चुकायचा नाही. "भाऊजी, तुम्हाला कळतं यातलं. बघून सांगा." समोरच्या काचेवर दोन घाव होते, एक आतून, डोक्याचा, आणि एक बाहेरून. नंतरचा तडा आधीचा तडा ओलांडत नाही, तिथेच थांबतो. इथे बाहेरच्या घावाचे तडे आतल्या घावाच्या तड्यांपाशी येऊन थांबले होते... म्हणजे आधी गाडी आदळली, मग दुभाजकाच्या तुटलेल्या रेलिंगचा पाइप काचेवर बसला. दगड आलाच नव्हता. मी तसं सांगितलं. वहिनींनी बाहेरच्या घावावरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "आईंना नका सांगू."

गेल्या रविवारी आर. के. पुरमला त्यांच्या सरकारी क्वार्टरवर गेलो. त्याच्या टेबलावर फुटक्या काचांचे तुकडे तसेच मांडलेले आहेत, प्रत्येकावर तड्याची दिशा दाखवणारा त्याच्या हातचा बाण. काकू, म्हणजे त्याची आई, आलेल्या पाहुण्यांना दगडाबद्दल सांगत होत्या. मध्येच माझ्याकडे वळल्या. "हा त्याच्याच ऑफिसातला. याने स्वतः काच बघितली आहे. सांग रे, दगडच होता ना?"

वहिनी खाली बघत होत्या.

"हो काकू, दगडच."

"मी म्हणत नव्हते?" काकू म्हणाल्या, आणि उठून त्या तुकड्यांवरची धूळ पदराने पुसू लागल्या.