पाच घरची अंगडी

दहिवलीच्या धाऊ सुइणीने किती तान्ह्यांना पहिले वस्त्र घातले, याची मोजदाद तिच्यापाशीही नव्हती. कोरे कापड ती बाळाच्या अंगाला लागू देत नसे. धुऊन धुऊन मऊसूत झालेले जुने धोतर मागून घ्यायची, आपल्या गालावरून फिरवायची आणि मगच फाडायची. "माझ्या गालाला टोचलं तर त्याच्या पोटाला टोचणारच," म्हणायची. तिने बांधलेले मूल रडायचे थांबते, अशी तिची ख्याती होती.

मुंबईत प्लेगचा, गाठीचा ताप आला, त्याच्या आदल्या पौषात कोंडाजीची बायको भागी तिसऱ्यांदा बाळंत झाली. आधीचे दोन्ही मुलगे पाचवी पुजायच्या आतच गेले होते. म्हणून सासू अंबाबाईने सटवाईला नवस बोलला होता. पाच घरी पदर पसरून जुने कापड मागायचे, त्याची पाच अंगडी शिवायची, आणि पाचवीपर्यंत त्यातले एकही पोराच्या अंगावरून उतरवायचे नाही. मागून आणलेले पोर म्हणून त्याला कुणाची नजर लागणार नाही. तोवर न्हाणसुद्धा नको, नुसते टाळूला तेल.

धाऊने मान डोलावली आणि अंगड्यावर अंगडे चढवून पाचही घातली. वर कुंची, वर दुपटे. बाजेखाली शेगडी होतीच.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती तेल घालायला आली, तर पोर लालबुंद होऊन निपचित पडलेले. सकाळपासून ते अंगावर प्यायले नव्हते.

"थंडी भरलीय त्याला," अंबाबाई म्हणाली. "शेगडीत निखारे घाल गं आणि माझी घोंगडी दे वरून."

धाऊ घोंगडी घ्यायला वळली. पण टाळूवर घातलेले तेल मानेकडे ओघळले होते, ते पुसायला तिने पोराच्या मानेखाली हात घातला. मान घामाने चिंब होती.

"अंबाबाई, ह्याला थंडी नाय. ह्याला उकडतंय."

"पौषात उकडतं व्हय? म्हातारी झालीस तू. आधीचे दोघं गार पडून गेले, इसरलीस?"

धाऊ विसरली नव्हती. तेही आधी असेच लाल झाले होते, त्यांनीही असेच पिणे टाकले होते. गार पडले ते सगळ्यात शेवटी. आणि तोवर प्रत्येक वेळी तिनेच आणखी एक दुपटे गुंडाळले होते.

ती बाजेपाशी खाली बसली. "भागे, पयल्याच्या मानेखाली कधी हात घातला व्हतास का गं?"

"घातला व्हता," भागी हळू आवाजात म्हणाली. "ओली व्हती. मला वाटलं, दूध ओघळलं आसंल."

धाऊ अंबाबाईकडे वळून म्हणाली, "अंबाबाई, पाच घरचं कापड पोराला लागलं म्हंजे झालं ना? एक अंगावर ऱ्हाऊ दे, चार अंगाखाली घालते."

"मी असं बोलले नव्हते देवीला."

"मी बोलते आता. काय कोप व्हायचा तो माझ्यावर व्हऊ दे, असं सांगते तिला."

अंबाबाई हलेना. स्वतःच ओढून घेतलेल्या घोंगडीचे टोक तिच्या मुठीत तसेच होते. तेव्हा भागीनेच उठून बसून कुंचीचा बंद सोडला. नवस सासूचा होता, पण पोर तिचे होते.

धाऊने शेगडी पडवीत नेऊन ठेवली, चार अंगडी काढून पोराच्या पाठीखाली पसरली आणि ओल्या फडक्याने त्याची मान, बगला हलकेच टिपल्या. सटवाईचे नाव घेत ती तिथेच बसून राहिली. उन्हे उतरेपर्यंत काही फरक दिसेना. अंबाबाई तिच्याकडे बघत होती, आणि ती पोराच्या ओठांकडे.

दिवेलागणीला पोर कुरकुरले. मग प्यायले.

पाचवीला अंबाबाईने खण पुढे केला, तो धाऊने घेतला नाही. काढलेल्या चारांतले एक अंगडे तेवढे मागून घेतले. पुढे ज्या घरी गेली, तिथे ते गाठोड्यातून काढायची, बाळाच्या मानेखाली हात घालायला आईला शिकवायची आणि म्हणायची, "कोंडाजीची दोन पोरं माझ्याच हातानं गेली."

"असं कशाला सांगतेस गं? लोक बोलवायचे नायत," तिची जाऊ म्हणे.

काहींनी खरेच बोलवायचे सोडले. धाऊ सांगत राहिली.