चौकशीत सोबत बसण्याची रजा

आई नांदगाव पेठेतल्या एका कारखान्यात शिलाई मशीनवर आहे. मागच्या वर्षी तिच्या शेजारच्या मशीनवरच्या काकूंवर चौकशी बसली. सुपरवायझरला उलटून बोलल्या आणि मशीन सोडून गेल्या, असा आरोप होता. नोकरी जाऊ शकत होती. चौकशीत एक सहकारी सोबत बसवता येतो, म्हणून त्यांनी आईला विचारलं.

"येतो ना बाई. पण मले बोलता येत नाही."

"बोलू नको. नुसती बस."

रजेचा अर्ज मी लिहिला. घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे सगळे अर्ज माझ्याकडेच येतात. शाळेपासून मला रजेचं एकच कारण पाठ होतं: प्रकृती ठीक नसल्यामुळे. तेच लिहिलं.

चौकशीच्या दिवशी चौकशी घेणाऱ्या साहेबांनी तो अर्ज काढला. "बाई, तुम्ही तर आजारी आहात. मग इथं कशा?"

"बसाले का ताकद लागते, साहेब?" आई म्हणाली.

साहेब हसले नाहीत. खोटं कारण देणारीला बसू देणार नाही, म्हणाले. एकट्या काकूंच्या तोंडून शब्द निघेना. शेवटी चौकशी आठ दिवस पुढे गेली. तेव्हाही सोबत कोणी नसेल, तर तसाच निकाल देणार होते.

"काहून लिहिलं व तसं?" आईनं घरी विचारलं.

"रजेसाठी तसंच लिहितात."

"मंग तुया कॉलेजात सगळेच बिमार राह्यतेत का?"

दुसऱ्या दिवशी मी कारखान्याच्या गेटवर गेले. तिथल्या फलकावर नियम लावलेले आहेत.

"काय शोधून राहिली, पोरी?" वॉचमननं विचारलं.

"चौकशीत सोबत बसायला रजा लागते का, ते."

"हे वाचाले आजवर कोनी थांबलं नाही."

अगदी खाली सापडलं: सोबत बसणाऱ्या कामगाराचा तेवढा वेळ कामावरचाच धरावा, पगार कापू नये. म्हणजे रजा लागतच नव्हती. कुणाच्या शेजारी बसणं हेही काम आहे, असं पहिल्यांदा कुणाला सुचलं असेल? मला अजून माहीत नाही.

आईला सोबत बसू द्यावं, असा नवा अर्ज केला आणि त्यात मी तो नियम उतरवला. आधीचं कारण खोटं होतं आणि ते मुलीनं लिहिलं, असंही लिहायला घेतलं. आईनं थांबवलं. "सही माही हाय. चूक माहीच लिही."

आठ दिवसांनी तिला बसू दिलं. बोटात सुई गेली म्हणून उठल्याचं काकूंनी सांगितलं. ताकीद मिळाली, नोकरी राहिली.

"तू काय केलंस?" मी विचारलं.

"दोनदा अडली ती. म्हटलं, पानी पी."