जागेवर राहिलेली नावे

मी शिकवते त्या संगणकभाषेत एकेका आकड्यापाशी थांबावे लागत नाही. एक चिन्ह लिहिले की सगळी रांग एकदम हलते. माझी विद्यार्थिनी केतकी हिने अंगणवाडीतल्या बाळांची वजने अशीच चढत्या क्रमाने लावली होती. "मॅडम, एका ओळीत झालं!" सर्वांत कमी वजनापुढचे नाव तिने अंगणवाडीच्या ताईंना कळवलेही होते.

मी पडद्याकडे पाहिले. वजने हलली होती. नावांची रांग वेगळी, ती जागेवरच होती. थोडक्यात लिहिण्याचे जे सुख मी वर्गात इतके वाखाणते, तेच मला बोचू लागले. एकेक आकडा हाताने उचलणारा माणूस प्रत्येक बाळापाशी क्षणभर तरी थांबला असता.

तेवढ्यात ताईंचा फोन आला; केतकीने तो स्पीकरवर घेतला. "काय गं केतकी, चेष्टा करतेस? बाळ चांगलं गुटगुटीत आहे. आई हसली मला! मग अशक्त कोण?"

केतकीने दोन्ही रांगा एकाच क्रमाने लावल्या आणि वर आलेले नाव वाचले.

ताई म्हणाल्या, "मी त्या गुटगुटीत बाळाच्या दारात उभी होते ना, तेव्हाच ऊसतोडीचा ट्रॅक्टर या बाळाला आणि त्याच्या आईबापांना घेऊन समोरून गेला."