उमाकाकूंच्या माडीवरची दुहेरी काच

खिडकी बसवली त्या दिवशी उमाकाकूंनी रूपालीला ओवाळायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. आठवड्याभरात त्यांचाच फोन आला. "ये आणि तुझी खिडकी घेऊन जा."

पिशोर गावची रूपाली आयटीआय करून शेंद्र्याच्या एका कारखान्यात खिडक्या जोडायची. दोन काचा, मधे कोंडलेली कोरडी हवा, कडा हवाबंद, म्हणजे बाहेरचा ताप आत कमी येतो. या काचा मोठ्या ऑफिसांनाच का, असं तिला वाटायचं. शहरातली पश्चिमेची प्रत्येक खोली एप्रिलात भट्टी होते, म्हणून लोक एसी घेतात, त्या एसीसाठी कुठंतरी कोळसा जळतो आणि पुढचा उन्हाळा आणखी तापतो. शेवटी नोकरी सोडून तिनं पुंडलिकनगरात वर्कशॉप टाकलं. काकूंची खिडकी तिची पहिलीच. ती निघाली तर गल्लीत दुसरी बसणार नव्हती.

ती माडीवर गेली तेव्हा उत्तरेच्या जाळीत कूलर घरघरत होता आणि काकूंचे यजमान केशवकाका घामानं थबथबले होते.

"तुझ्या काचेनं ऊन अडवलं, खरंय," काका म्हणाले. "पण मी आत शिजतोय. संध्याकाळी एसीवाला मोजमाप घ्यायला येणार आहे."

रूपालीनं उशी चाचपली. अभ्रा दमट होता. कूलर ओली हवा आत ढकलत होता आणि त्या हवेला बाहेर जायला वाट नव्हती. पूर्वी ती जुन्या खिडकीच्या फटींतून आणि छताखालच्या झरोक्यातून जायची. खिडकी बसवताना तो झरोका रूपालीनंच सिलिकॉन भरून बुजवला होता. फट दिसली की बुजवायची, हे कारखान्यात तिच्या हाताला लागलेलं वळण; पण तिथल्या खिडक्या एसीच्या खोल्यांसाठी होत्या.

"पिशोरला तुझ्या आईकडं कूलर नाही का गं?" काकूंनी विचारलं.

"हाय की."

"मग ती काय करते?"

"समोरचं दार उघडं ठेवती." रूपालीनं मान खाली घातली नाही. "चूक माझी हाय काकू, काचेची नाय. संध्याकाळपर्यंत खिडकीला हात लावू नका."

"एसी लावला की प्रश्नच मिटेल," काका म्हणाले.

"एसीच लावायचा तर मी काच कशाला बसवली, काका?"

स्टुलावर चढून ती सिलिकॉन कापायला लागली. काम तिचंच, चांगलं चिवट; पातं दोनदा तुटलं, अंगठा सोलला. मग वर्कशॉपात जाऊन तिनं झरोक्याच्या मापाची झडप केली, कूलर चालताना उघडायची आणि एरवी लावून घ्यायची. ती बसवून कूलर सुरू केला आणि झडपेपाशी कागदाची पट्टी धरली. ओली हवा निघाली तशी पट्टी बाहेरच्या बाजूला ताठ झाली.

"आता तू खाली जा," काकू म्हणाल्या.

"नाय. काका सांगतील तेव्हाच."

दोघी भिंतीला टेकून बसल्या. पश्चिमेचं ऊन काचेवर आलं. काकांनी घाम पुसून पंचा खांद्यावर टाकला, थोड्या वेळानं खुर्चीच्या पाठीवर वाळत घातला, आणि मग पेपर उघडला. खाली बेल वाजली तसे उठून जिन्यात गेले.

"अहो, आज मोजमाप नको," ते एसीवाल्याला सांगत होते. "मे जाऊ द्या. नाही जमलं तर बोलावतो."

ते वर आले तेव्हा रूपाली हत्यारं गोळा करत होती.

"मे फार कडक असतो," काका म्हणाले.

"असू द्या," रूपाली म्हणाली. "दर रविवारी दुपारी येऊन बसते इथं. काकू, तवर खिडकी नाय काढायची."

"चहा घेऊन जा," काकू म्हणाल्या, "आणि त्या अंगठ्याला हळद लाव."