सावलीची उरलेली वर्षं

आमच्या दुकानात दोन धंदे चालतात. खिडकीकडे शिंपीणबाईचं शिलाई मशीन, दाराकडे माझं इस्त्रीचं टेबल. भाडं अर्धं अर्धं, भांडणं मात्र पुरेपूर.

तिची एक मैत्रीण होती, शाळेत एका बाकावर बसायच्या तेव्हापासूनची. मी तिला लेखिकाबाई म्हणायचो. फोनवरच्या एका ॲपवर दर शुक्रवारी तिच्या गोष्टीचा नवा भाग यायचा. उडते घोडे, शापित राजपुत्र, त्याच्यासाठी झुरणारी राणी. मला त्यातलं काडीचं पटायचं नाही, पण शुक्रवार कधी चुकवला नाही.

लेखिकाबाईला मशीनच्या आवाजाशिवाय सुचायचं नाही. शिंपीण दुपारी जेवून परतायच्या आत ही कापड बेतायच्या टेबलावर चढून बसलेली असायची आणि वर तोंड करून म्हणायची, “उशीर केलास.” शिवायला काही नसलं तर शिंपीण दोरा काढून मशीन नुसतंच चालवायची.

“बाई, गुडघे झिजतील,” मी म्हणायचो.

“झिजू देत. तिचं अडलंय ना.”

गोष्टीत राणीची एक बालमैत्रीण होती, सावली नावाची. एका भागात राणी आजारी पडली आणि सावलीने मंत्र म्हणून आपलं अर्धं आयुष्य तिला देऊन टाकलं. वाचक ढसाढसा रडले. शिंपीण भडकली.

“मला न विचारता देऊन टाकलंस?”

“तू दिलंच असतंस,” लेखिकाबाई म्हणाली.

“दिलं असतं. पण विचारायचं तरी!”

लेखिकाबाई हसली आणि पुढचं सांगायला लागली. शिंपीण फणफणत मशीन चालवत राहिली. मला तर वाटतं, मायेपेक्षा रागानेच ती जास्त बांधली गेली होती.

मग लेखिकाबाई खरंच आजारी पडली. राणी पुन्हा मरणाच्या दारात आणि सावली बंद दाराबाहेर उभी, एवढ्यावर गोष्ट सोडून ती दवाखान्यात गेली. शेवटच्या दिवशी फोन आला तेव्हा शिंपीण एका नवरीचा पोशाख पुरा करत होती, आणि नवरी समोरच बसलेली. “एवढी टीप मारते आणि निघते,” म्हणाली. पोचली तेव्हा मैत्रिणीच्या चेहऱ्यावर चादर ओढून झाली होती. शिंपिणीला कुणी बोल लावला नाही. ते काम तिचं तीच करत होती, कोरड्या डोळ्यांनी.

काही दिवसांनी लेखिकाबाईची आई दुकानात आली.

“पुढचं तू लिही गं. तिला तुझ्याइतकं कोण ओळखतं? फक्त राणीला मारू नकोस. शुक्रवारी शेजारीण मला वाचून दाखवते ना, तेव्हा माझी पोरच बोलतेय असं वाटतं.”

“बघते, काकू.”

काकूंची पाठ वळताच शिंपिणीने कात्री आपटली. “म्हणजे उरलेलं आयुष्यही सावलीनेच द्यायचं! जिवंतपणी घेतलं, आता मेल्यावरही घेतेय. आणि मी देईन, हे सगळ्यांना ठाऊक आहे.”

मी कात्री उचलून तिच्या हाताशी ठेवली.

तिने लिहिलं ते तसंच. सावलीने उरलेली वर्षं दिली, राणी उठून बसली, सावलीला मिठी मारून म्हणाली, तुझे उपकार कसे फेडू. वाचून दाखवलं तेव्हा मी इस्त्री बाजूला ठेवून ऐकलं.

“झकास,” मी म्हणालो.

“झकास आहे, पण ही ती नव्हेच. तिने जन्मात कधी माझे आभार मानले नाहीत.” आणि सगळं पुसून टाकलं.

मग मशीनचा दोरा काढला आणि कितीतरी वेळ ते रिकामं चालवलं. मधेच थांबून फोनवर काही लिहायची, परत पाय चालवायची. दुकान बंद करायच्या वेळेला भाग झाला. सावली दार ढकलून आत येते, ओंजळीत उरलेली वर्षं घेऊन. राणी म्हणते, “उशीर केलास.” मग म्हणते, “ते राहू दे तुझ्याजवळ. बस इथे.” सावली बसते. राणी मरते.

“राहू दे, असं म्हणाली असती ती?” मी विचारलं.

“पहिलं वाक्य तिचं आहे. दुसरं तिचं की माझं, मलाच कळत नाही.”

ॲपवर टाकायच्या आधी तिने काकूंना बोलावून तो भाग वाचून दाखवला. इथे मात्र मी तिला मानलं. काकूंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“मारलंस ना तिला.”

“हो, काकू.”

“आता मी शुक्रवारी काय करू?”

 शिंपिणीने बेतायच्या टेबलाच्या कडेची कापडं उचलली, काकूंना हात धरून तिथे बसवलं आणि मशीन सुरू केलं. दोरा ओवलेला नव्हता, मला दिसत होतं. मी एकाच शर्टावर पुन्हा पुन्हा इस्त्री फिरवत राहिलो.

बऱ्याच वेळाने काकूंनी विचारलं, “मग त्या सावलीचं पुढे काय झालं गं?”

शिंपिणीचा पाय जागच्या जागी थांबला.

“हे कुणी विचारलंच नव्हतं, काकू,” एवढंच म्हणाली, आणि मैत्रीण गेल्यापासून पहिल्यांदा, मशीनवर डोकं टेकून रडली.